न मोजलेले माजी सैनिक

जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्याससंस्थेच्या संकेतस्थळावरचा एक अभ्यास वर्तमानपत्रांच्या हाती लागला. भारतीय लष्करातले निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली असल्याचे दिसते, असे त्यात म्हटले होते. मथळे झाले, चर्चा रंगल्या, नमुना जेमतेम चारशे जणांचा आहे असे सांगून लष्कराने निष्कर्ष फेटाळले आणि पाठोपाठ तो अभ्यास संकेतस्थळावरून नाहीसाही झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नवे नियम आले, तेव्हा हाच वाद दुसऱ्या दाराने परत आत आला. दोन्ही वेळा पक्ष तेच होते. एक म्हणतो, आमचा जवान पोलादाचा आहे, मानसिक आघात वगैरे अमेरिकेची थेरं आपल्या फौजेला चिकटवू नका. दुसरा म्हणतो, अर्धी फौज मनाने मोडलेली आहे आणि सरकार ते लपवते आहे. एकाकडे अभिमान आहे, दुसऱ्याकडे कळवळा आहे. पण ज्याच्या आधारे बोलावे अशी माहिती दोघांकडेही नाही.

माझे म्हणणे असे की, या वादात जो माणूस केंद्रस्थानी हवा तोच दोन्ही बाजूंच्या हिशेबातून सुटलेला आहे. तो म्हणजे माजी सैनिक. देशात सुमारे २६ लाख माजी सैनिक आहेत आणि दरवर्षी साठेक हजारांची त्यांत भर पडते. जवान निवृत्त होऊन गावी येतो तेव्हा तो बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांचा असतो, म्हणजे निम्मे आयुष्य अजून पुढे असते. या निम्म्या आयुष्यात त्याच्या मनाचे काय होते, याचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा आणि निष्कर्ष सर्वांसमोर ठेवणारा राष्ट्रीय अभ्यास आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, लष्कराच्या बाहेरच्या संस्थेने करायला हवा आणि मुख्य म्हणजे निवृत्तिवेतनाच्या निर्णयापासून तो पूर्णपणे तोडलेला हवा. या तिसऱ्या अटीवर मी सर्वांत जास्त अडून बसणार आहे.

आधी एक घरातली गोष्ट. माझे मामा सातारा जिल्ह्यातले. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेबरोबर ते जाफन्यात होते आणि नंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात त्यांची बाज नेहमी दाराकडे तोंड करून असते आणि ती कोणी हलवायची नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मामी डब्यात चार करंज्या भरून देते आणि मामा मळ्यातल्या खोपीवर जाऊन झोपतात. 'ह्यांना फटाक्यांचा धूर सोसत नाही,' असे पाहुण्यांना सांगायची रीत पडून गेली आहे. मळ्यातल्या चुलीच्या धुराने मात्र त्यांना कधी ठसका लागल्याचे मी पाहिलेले नाही. एकदा मी विचारले, 'मामा, तिकडचं काही आठवतं का?' 'लय पाऊस तिकडं,' एवढे बोलून ते वैरण टाकायला उठले. याला आजार म्हणावे की सवय, हे मला ठाऊक नाही, आणि भाच्याने मामांचे निदान करणे हा शहाणपणाही नव्हे. मला खटकते ते वेगळेच. इतक्या वर्षांत हे त्यांना विचारणारा भाच्याशिवाय दुसरा कोणी भेटला नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहात ना, एवढी चौकशी सरकार नेमाने करते.

आता विरोधी बाजूचे मुद्दे पाहू, आणि ते जितके वजनदार आहेत तितक्याच वजनाने मांडू. पहिला मुद्दा असा की, पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणावविकार हे निदान एका विशिष्ट देशात, विशिष्ट युद्धानंतर घडले. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या प्रश्नाने अमेरिका ढवळून निघाली आणि १९८० मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या नावाला जागा मिळाली. ते माप जसेच्या तसे माणदेशातल्या माणसाला लावता येईल का? खुद्द पाश्चात्त्य देशांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजने इराकला गेलेल्या ब्रिटिश सैनिकांचा अभ्यास केला तेव्हा पीटीएसडीचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास निघाले. अमेरिकेत त्याच युद्धाबद्दल त्याहून बरेच मोठे आकडे सांगितले जात होते. ब्रिटिशांमध्ये दारूच्या अतिसेवनाचा प्रश्न त्याहून कितीतरी व्यापक असल्याचेही याच अभ्यासाने दाखवले. शिवाय आपला जवान मन दुखते असे सांगत नाही. डोके जड आहे, छातीत धडधडते, झोप लागत नाही, असे सांगतो. तेव्हा परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करून ती गावोगाव वाटली तर हाती येणारा आकडा फसवा असेल, ही भीती रास्त आहे.

पण या युक्तिवादातून निघते काय? आकडे देशागणिक बदलतात, म्हणून आपल्या देशात ते मोजूच नयेत? उलट, ब्रिटनचा आकडा अमेरिकेहून वेगळा आहे हे ब्रिटनला कळले ते त्यांनी आपल्या माणसांना मोजले म्हणून. किंग्ज कॉलेजचा गट त्याच माणसांकडे पुनःपुन्हा गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरीत एकूण प्रमाण सहा टक्क्यांवर गेलेले दिसले, आणि प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांत काम करून नंतर सेवा सोडलेल्यांत ते १७ टक्के होते. म्हणजे प्रश्नाचे मोठे ओझे वर्दी उतरवलेल्यांच्या खांद्यावर होते, आणि केवळ सेवेतल्या जवानांची पाहणी करून ते कधीच दिसले नसते. आपला सगळा वाद मात्र सेवेतल्यांभोवतीच फिरतो. जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले की, आधीच्या पाच वर्षांत लष्करात ६४२, हवाई दलात १४८ आणि नौदलात २९ आत्महत्या झाल्या. हे सगळे सेवेत असलेले. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी विहीर जवळ करणाऱ्या माणसाची नोंद कुठे होते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्या केलेल्यांच्या व्यवसायानुसार तक्ते असतात, त्यांत 'सेवानिवृत्त' असा एक रकाना आहे, आणि निवृत्त तलाठी व निवृत्त नाईक त्या एकाच रकान्यात जातात. तोही पुन्हा शेती करू लागला असेल तर बहुधा शेतकऱ्यांत.

चारशेच्या नमुन्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण त्या आक्षेपाने चर्चा संपली असे अनेकांना वाटले. नमुना लहान होता म्हणून निष्कर्ष खोटा, हे गणित तितके सरळ नाही. यादृच्छिक पद्धतीने नीट निवडलेले चारशे लोक साधारण पाच टक्क्यांच्या इकडेतिकडे अंदाज देऊ शकतात. निवडणुकीच्या वेळी एवढ्याच प्रकारच्या हिशेबावर आपण रात्र रात्र वाद घालतो. विचारायचा प्रश्न हा होता की, ते चारशे कोण होते, कसे निवडले आणि 'ताण' म्हणजे त्यांना नेमके काय विचारले. ताण आणि आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या सुभेदाराला ताण नाही त्याच्या हाताखाली कोणालाही गस्तीवर जावेसे वाटणार नाही. ही उलटतपासणी भर सभेत झाली असती तर अभ्यास टिकला असता किंवा पडला असता, आणि दोन्ही परिस्थितींत आपल्या ज्ञानात भर पडली असती. अभ्यासच दिसेनासा झाल्यावर मात्र ज्याला जे मानायचे ते तो मानायला मोकळा झाला.

दुसरा मुद्दा लष्कराच्या बाजूचा आहे आणि तोही खोटा नाही. लष्कर मनाकडे दुर्लक्ष करते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. सैन्यातल्या वैद्यकीय श्रेणीला 'शेप' म्हणतात. त्या पाच इंग्रजी अक्षरांतले पहिलेच अक्षर मनासाठी आहे, कान, हातपाय, शरीराची क्षमता आणि डोळे त्यामागून येतात. लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी बंडखोरीग्रस्त भागातल्या पायदळाच्या जवानांची इतर ठिकाणच्या जवानांशी तुलना करणारा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि अशा भागात नैराश्य व दारूचे प्रश्न अधिक असल्याचे त्यात प्रांजळपणे नोंदवले होते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरमध्ये मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या दूरध्वनी सेवेचा सैन्यासाठी स्वतंत्र कक्षही सुरू झाला. शिवाय पलटणीचा जो एकोपा आहे, एकाच तालुक्यातली पोरे एकाच कंपनीत, एकाच घोषणेवर वाढलेली, त्याने मनाचे रक्षण होते, याला जगभरच्या संशोधनाचा दुजोरा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्रात जाऊन आलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

मान्य. पण मग ज्या दिवशी हा एकोपा सुटतो, त्या दिवशी काय होते? पलटण हेच जर औषध असेल, तर निवृत्ती म्हणजे त्या औषधाची बाटली एका दिवसात काढून घेणे होय. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी फौजी असल्याने ती पूर्ण सुटत नसेल. पारावर बसायला चार जण तरी त्याच भाषेत बोलणारे असतात. पण जो जवान पुण्यात सोसायटीच्या फाटकावर बारा तासांची सुरक्षारक्षकाची पाळी करतो आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, त्याचे काय? या दोघांत फरक पडतो का, पडत असेल तर किती, याचे उत्तर महाराष्ट्राला स्वतःच्याच उपयोगासाठी हवे. आणि इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. बेंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी बारा राज्ये निवडली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. माजी सैनिक तर सोडाच, सर्वसाधारण मराठी माणसाशी तुलना करायची म्हटली तरी त्या सर्वेक्षणातून पाया मिळत नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. तो उघडपणे कमी बोलला जातो आणि प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त चालतो. अपंगत्व निवृत्तिवेतनावर प्राप्तिकराची सवलत मिळत आली आहे, त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर आजार 'सापडतात' असा आरोप आहे. महालेखापरीक्षकांनीही अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त असल्याकडे बोट दाखवले होते. तेव्हा गैरवापर होत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, आणि मनाच्या दुखण्याला तर क्ष-किरणचित्राचा पुरावाही नसतो.

या संशयाचा इतिहास मात्र लांब आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टराने 'शेल शॉक' हा शब्द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वापरला. रुग्णांचा लोंढा सुरू झाला तेव्हा ब्रिटिश लष्कराने त्यांची विभागणी केली. शत्रूच्या गोळ्याने थेट हादरलेला असेल तर 'जखमी', नाहीतर नुसताच 'आजारी'. जखमीला गणवेशावर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतन मिळे, आजाऱ्याला दोन्ही नाही. निवाडा कशावर? गोळा खरोखर जवळ फुटला होता का, याबद्दल त्याच्या कमांडरने भरलेल्या कागदावर. महिनाभर चिखलात प्रेतांशेजारी झोपलेला माणूस एका रकान्यात, एका स्फोटाने कोलमडलेला दुसऱ्या रकान्यात. मायर्सलाच पुढे आपल्या शब्दाचा पस्तावा झाला. त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने ज्या ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांना २००६ मध्ये कायद्याने माफी मिळाली. त्यांतले सगळे आजारी होते असे कोणी म्हणत नाही. किती होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही. जर्मनीने तर १९२६ मध्ये युद्धाच्या आघाताने बिघडलेली मने भरपाईला पात्र नाहीत असा निर्णयच देऊन टाकला. निवृत्तिवेतन मिळते म्हणूनच माणूस आजारी राहतो, हा तिथल्या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांचा लाडका सिद्धान्त होता.

अपंगत्व निवृत्तिवेतन ठरवताना आपले लष्करी वैद्यकीय मंडळ आज जे दोन प्रश्न विचारते ते या विभागणीच्याच वंशातले आहेत. हा आजार सेवेमुळे उद्भवला का? सेवेमुळे बळावला का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असले की कागदावर चार इंग्रजी अक्षरे उमटतात, जी मराठीत सरळ 'नाना' अशी वाचता येतात. इतक्या आपुलकीच्या नावाने नकार मिळणे हाही एक योगायोगच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या कारणाने सत्तरच्या दशकात घरी पाठवलेल्या एका जवानाच्या प्रकरणात मंडळाच्या अहवालात कारणमीमांसाच नसल्याबद्दल ताशेरे ओढले आणि फेरतपासणीचा आदेश दिला. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये तशाच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात म्हटले की, भरतीच्या वेळी प्रत्येक मनोविकार ओळखता येत नाही, म्हणून तो सेवेमुळेच झाला असे आपोआप मानता येणार नाही. मला दोन्ही निर्णयांतले तर्क पटतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. एका माणसाचा आजार कशामुळे झाला हे ठरवायला त्याच्यासारख्या हजारोंचे काय झाले हे माहीत असावे लागते. सियाचीनला राहिलेल्यांत हा विकार इतरांहून जास्त आढळतो की नाही? काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन फेऱ्या केलेल्यांत? ही माहितीच समोर नसेल तर मंडळ, लवाद आणि न्यायालय या तिघांनाही अंधारात तागडी धरावी लागते.

अमेरिकेने ही माहिती जमवली तेव्हा काय दिसले, हे दोन्ही बाजूंनी लक्ष देऊन ऐकावे. तिथल्या काँग्रेसने १९८३ मध्ये आदेश दिलेल्या व्हिएतनाम-सैनिकांच्या अभ्यासाने १९८८ मध्ये सांगितले की, तिथे गेलेल्या पुरुषांपैकी ३०.९ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झाला होता आणि १५.२ टक्क्यांना तो तेव्हाही होता. आकडा फुगवलेला आहे, लढाईच्या थापा मारून लोक भरपाई लाटत आहेत, असा गदारोळ झाला. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी लष्करी दप्तरातल्या नोंदींशी ताडून पुन्हा हिशेब मांडला. आकडे १८.७ आणि ९.१ टक्क्यांवर उतरले. म्हणजे टीकाकारांचे निम्मे खरे होते. पण त्याच तपासणीत थापा मारल्याचा पुरावा फारसा सापडला नाही, आणि ज्याचा लढाईशी जितका जवळून संबंध आला तितका त्याला आजाराचा धोका अधिक, हेही स्पष्ट दिसले. आकडा कमी झाला आणि प्रश्न मात्र अधिक पक्का झाला. कळवळ्याच्या बाजूला हे गैरसोयीचे वाटते आणि अभिमानाच्या बाजूलाही. तसेच दिवसाला २२ माजी सैनिक आत्महत्या करतात हे अमेरिकेत घोषवाक्य बनलेले वाक्य २१ राज्यांच्याच नोंदींवरून काढलेल्या एका अंदाजातून आले होते. आपल्याकडच्या कळवळ्याच्या पक्षाने ते उचलून फडकवण्याआधी एवढे तरी पाहावे.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. माणसाला सारखे विचारत राहिले तर तो नसलेला आजार शोधू लागतो, आणि तपासणी करून फायदा होतोच असे नाही. हे खरे आहे. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळे बोलून घ्यायला लावल्याने पीटीएसडी टळत नाही, हे सिद्ध झालेले आहे. अफगाणिस्तानहून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांवर चाचणी घेऊन २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये सांगण्यात आले की, सरसकट मानसिक तपासणीने ना त्यांची प्रकृती सुधारली, ना मदत मागणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणून मी सरसकट तपासणी मागतच नाही. पण ती निरुपयोगी आहे हेदेखील आपल्याला कळले ते कोणीतरी ती शास्त्रीय रीतीने करून पाहिली, फसली आणि फसल्याचे छापले म्हणून. आपल्याकडे उद्या कोणी उत्साहाने ताण निवारण शिबिरांचा सपाटा लावला, तर ती फसली हे आपल्याला कशावरून कळणार?

गुप्ततेच्या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. तीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला झोप लागत नाही, यातून शत्रूला पलटणीची जागा कळत नाही.

हे करायचे कसे, तर साधने बरीचशी हाताशी आहेत. खडकीला पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आजही उभी आहे; पाय गेलेल्या जवानाचे पुढे काय, हा प्रश्न आपण शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीस वर्षांवरच्या भारतीयांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोकांपर्यंत मजल मारली आहे. त्याच धर्तीवर माजी सैनिकांचा एक संच निवडणे अशक्य नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे नावे आहेत, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. मला एकाने सुचवले की, हयातीच्या दाखल्यालाच प्रश्नावली जोडून टाका, फुकटात काम होईल. सूचना मोहक आहे आणि तितकीच घातक. ज्या खिडकीतून पैसे मिळतात त्या खिडकीत कोणी खरे बोलत नाही. एकाला वाटेल आजार सांगितला तर वाढवून मिळेल, दुसऱ्याला वाटेल वेड लागले म्हणून शिक्का बसेल, मुलीचे लग्न अडेल, सुरक्षारक्षकाची नोकरी जाईल आणि बारा बोअरच्या बंदुकीचा परवानाही. उत्तर देणाऱ्याचे नाव उत्तरापासून वेगळे केलेले असावे, ते ना रेकॉर्ड ऑफिसला कळावे ना पेन्शन कार्यालयाला, आणि हे कायद्याने बांधलेले असावे. प्रश्नही मराठीत विचारले जावेत, म्हणजे 'आपल्याला अनाहूत स्मृतींचा अनुभव येतो काय' असे मराठीत नव्हे. बाज कुठे टाकता, दिवाळीत कुठे असता, कॅन्टीनमधला दारूचा कोटा किती दिवस पुरतो, असे.

यात घाई करण्याचे एक कारणही आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील. बाकीचे ऐन विशीत सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, म्हणजे हयातीचा दाखला नाही. आरोग्य योजनेचे कार्डही नाही. मामांना निदान नोव्हेंबरात एकदा तरी कोणी विचारते. ही मुले कोणत्याच वहीत नसतील. त्यांची नावे, पत्ते आणि संमती शेवटच्या दिवशी तळाबाहेर पडण्याआधी घेतली नाही, तर दहा वर्षांनी त्यांना शोधायचे कुठे?

या अभ्यासाचा निष्कर्ष काय निघेल, याबद्दल मी पैज लावणार नाही. पोलादाच्या बाजूचे म्हणणे खरे ठरून प्रमाण अगदी ब्रिटनच्या पहिल्या फेरीइतके, चार टक्केच निघाले, तर तेही तसेच छापावे लागेल आणि मला ते मान्य करावे लागेल. २६ लाखांचे चार टक्के म्हणजे एक लाख चार हजार माणसे होतात.